जड वजन उचलायचं, तर भाताशी वैर कशाला?

बंगळुरूच्या कोरमंगला, एचएसआर लेआउट, व्हाइटफील्ड या भागांतल्या जिममध्ये आहाराची चर्चा प्रोटीनपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. प्रोटीन हवंच, त्यात वाद नाही. पण ते वाढवताना अनेक तरुण भात बंद करतात, तूप-शेंगदाणे टाळतात आणि तरीही स्क्वॉट-डेडलिफ्टची वजनं वाढत जावीत अशी अपेक्षा धरतात. हा हिशेब जुळत नाही. शरीराला एकूण ऊर्जाच कमी पडली, तर महागड्या पावडरीतल्या प्रोटीनचाही काही भाग स्नायू बांधण्याऐवजी इंधन म्हणून जळतो. ही पावडर बाजारात येण्याच्या कितीतरी आधी याच शहरात शरीरसौष्ठवपटू के. व्ही. अय्यर यांची हर्क्युलस व्यायामशाळा नावारूपाला आली होती. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान तर दूध, तूप, भाकरी आणि बदामाची थंडाई हा कसरतीचाच भाग मानत आला आहे.

त्यामागचं कारण शरीराच्या कारभारात आहे. जड वजनाचा सेट सुरू होताच पहिले काही सेकंद स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट कामाला येतं. त्यानंतरचा मोठा भार ग्लायकोजेनवर, म्हणजे भात, भाकरी, फळं यांतून आलेल्या आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेवर पडतो. प्रौढ माणसाच्या स्नायूंत हा साठा साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास असतो. कसून केलेल्या एका सत्रात, ज्या स्नायूंनी काम केलं त्यांच्यातला पाव ते चाळीस टक्के साठा खर्ची पडू शकतो. चरबीपासून मिळणारी ऊर्जा भरपूर, पण ती सावकाश येते; आठ रेप्सच्या जड सेटला तेवढी उसंत नसते. म्हणून स्निग्ध पदार्थ निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांच्यावाचून अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत, आणि फारच कमी स्निग्धांश असलेल्या आहारात पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. व्यायामाच्या मानाने खाणं सतत कमी राहिलं की पाळी अनियमित होणं, हाडं कमकुवत होणं, वारंवार दुखापती होणं या तक्रारी सुरू होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुषांतही आढळते, हे स्पष्ट केलं.

मग खायचं किती? नियमित जड व्यायाम करणाऱ्यासाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 4 ते 7 ग्रॅम कर्बोदकं आणि एकूण उष्मांकांच्या 20 ते 35 टक्के स्निग्ध पदार्थ, असा क्रीडा-आहारशास्त्राचा सर्वसाधारण सल्ला आहे. 70 किलोच्या माणसाने खालची मर्यादा धरली तरी कर्बोदकं 280 ग्रॅम होतात. बंगळुरूत ती जमवणं अवघड नाही. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठाच्या रागी मुद्देतून, म्हणजे शिजवलेल्या गोळ्यातून, 67 ग्रॅमच्या आसपास, दीडशे ग्रॅम तांदळाच्या भातातून 115 च्या पुढे, दोन केळ्यांतून पन्नासेक; उरलेली वरण, दूध, भाज्या भरून काढतात. नाचणीचा हा गोळा मात्र जड आणि तंतुमय, म्हणून व्यायामाच्या तोंडावर नको. त्या वेळी इडली किंवा केळं बरं. स्निग्ध पदार्थांसाठी बसवनगुडीची कडलेकाई परिषे ही जत्रा ज्यांच्या नावाने भरते ते शेंगदाणेच घ्या: मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम दाण्यांत वीसेक ग्रॅम स्निग्धांश आणि वर बारा ग्रॅम प्रोटीन. मासे खाणाऱ्याला बांगडा आणि तारली यांतून ओमेगा-3 मिळतं.

आक्षेप येतो तो मधुमेहाचा, आणि तो गंभीर आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याने भात कमी करावा, हा सल्ला योग्यच आहे. पण तो बसून राहणाऱ्या शरीरासाठी आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतो आणि व्यायामानंतर काही तास रिकामा साठा भरत राहतो. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत. दुसरा आक्षेप संशोधनातूनच येतो. 2022 च्या एका आढाव्यानुसार, जेवून केलेल्या आणि एका स्नायूगटाला दहा सेटपर्यंतच्या व्यायामात जादा कर्बोदकांनी ताकद फारशी वाढत नाही. मला हा निष्कर्ष मान्य आहे. आठवड्यातून तीनदा पाऊण तास जिमला जाणाऱ्याने व्यायामाच्या नावाखाली तीन ताटं भात खाऊ नये. आठवड्याचे पाच दिवस कसून वजनं उचलणाऱ्याची गोष्ट वेगळी. तुपाबद्दलही तारतम्य हवं: दिवसाला 2,400 कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त चरबी 27 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि एका मोठ्या चमचाभर तुपात ती नऊ ग्रॅमच्या आसपास असते. रोज लोण्यातला बेन्ने डोसा खाऊन हा हिशेब सांभाळणं कठीण.

वजन उतरवायचं असेल तर? तरीही सगळंच एकदम तोडू नये. विश्रांतीच्या दिवशी भात-पोळी कमी करावी, पायांच्या जड व्यायामाच्या दिवशी ती पुरती ठेवावी आणि स्निग्ध पदार्थ 20 टक्क्यांच्या खाली नेऊ नयेत. वजनं अडकली, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर नवा सप्लिमेंट शोधण्याआधी आठवडाभर ताटातलं धान्य आणि दाणे मोजून पाहावेत. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर प्रशिक्षकाकडे नव्हे, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं.