उमरठची वाट : जुनीं गांवें कशीं पाहावींत?

विद्यार्थिमित्रहो, सहल हा शब्द कानीं पडतांच मोटारगाडी, शिदोरीचे डबे, गाणीं आणि परतीच्या वाटेवरची झोप हीं तुमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु सहलीचा आणखीही एक प्रकार आहे, व त्याची ओळख करून देणें हा या लेखाचा हेतु आहे. एखाद्या प्रदेशांतील जुनीं गांवें निवडावयाचीं, तीं क्रमानें पाहावयाचीं, आणि तेथील इतिहास, घरें, उद्योग व चालीरीति जाणणारा वाटाड्या बरोबर घ्यावयाचा, अशा सहलीस सांस्कृतिक सहल म्हणतात. साधा वाटाड्या केवळ रस्ता दाखवितो. अशा सहलींतील वाटाड्या त्या रस्त्याचा अर्थही सांगतो.

या बाबतींत जपान देशाची ख्याति मोठी आहे. आज ज्यास टोकिओ म्हणतात त्या एडो शहरापासून क्योटो या जुन्या राजधानीपर्यंत डोंगरांतून जाणारा नाकासेंदो नांवाचा एक राजमार्ग होता. त्यावर प्रवाशांच्या मुक्कामाचीं ६९ ठाणीं होतीं. पुढें आगगाडीचा रस्ता दुसरीकडून गेला आणि त्यांतील पुष्कळ ठाणीं ओस पडूं लागलीं. किसो नदीच्या खोऱ्यांतील त्सुमागो हें त्यांपैकींच एक. तेथील रहिवाशांनीं इ. स. १९६८ च्या सुमारास आपलीं जुनीं लांकडी घरें दुरुस्त करण्यास आरंभ केला, आणि १९७१ सालीं सर्वांनीं मिळून असें ठरविलें कीं, गांवांतील घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं आणि पाडावयाचें नाहीं. १९७६ सालीं जपान सरकारनें त्या गांवास संरक्षण दिलें. आज तेथें विजेच्या तारा दृष्टीआड केलेल्या आहेत, दिवसां मुख्य रस्त्यावर मोटारी येऊं देत नाहींत, आणि शेजारच्या मागोमे गांवापासून सुमारें ८ किलोमीटरची डोंगरवाट चालून देशोदेशींचे प्रवासी तेथें येतात. त्यांना तेथें मोठा राजवाडा दिसत नाहीं. जुन्या काळच्या धर्मशाळा, दुकानें व साधीं घरें, एवढेंच काय तें दिसतें. गांव टिकलें तें राहणाऱ्यांनीं टिकविलें म्हणून. पाहणारे मागाहून आले.

आपणांपैकीं जपानास जाणें फारच थोड्यांस शक्य होईल. परंतु डोंगर, जुनी घांटवाट, तिच्या पायथ्याचीं गांवें आणि ओस पडत चाललेलीं घरें हें सर्व आपल्याच कोंकणांत, सावित्री नदीच्या खोऱ्यांत, आहे. महाबळेश्वरीं उगम पावून पश्चिमेकडे वाहणारी ही नदी पोलादपूर व महाड या तालुक्यांतून जाऊन बाणकोटजवळ समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यांत अशी सहल काढावयाची झाल्यास तिचा आरंभ उमरठ येथून करावा, असें मला वाटतें.

उमरठ हें रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यांतील, सह्याद्रीच्या पायथ्याचें एक लहानसें गांव. नरवीर तानाजी मालुसरे यांचें हें गांव असून त्यांची व शेलारमामांची समाधि येथेंच आहे. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांस २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजींच्या मावळ्यांनीं तो परत घेतला, व त्याच झुंजींत तानाजी पडले. त्यांचा देह केळद गांवाजवळच्या घांटानें खालीं उतरवून उमरठास आणला, आणि मढें ज्या वाटेनें उतरलें तो मढे घांट, असें परंपरा सांगते.

येथें वाटाड्याची खरी परीक्षा होते. तानाजींविषयींची माहिती आपणांस तीन प्रकारच्या साधनांतून मिळते. पहिलें साधन शाहीर तुळसीदासाचा पोवाडा. रायबाच्या लग्नाचें आमंत्रण घेऊन तानाजी महाराजांकडे गेले, तें लग्न मागें ठेवून त्यांनीं मोहीम पत्करली, घोरपडीच्या साह्यानें कडा चढला, या आपल्या तोंडपाठ गोष्टी पोवाड्यांतून आलेल्या आहेत. दुसरें साधन बखर. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें कृष्णाजी अनंत सभासद यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जी बखर लिहिली, तींत घोरपडीचें नांव नाहीं; मावळे वानराप्रमाणें कडा चढून गेले, इतकेंच वर्णन आहे. तिसरें साधन त्या काळचीं अस्सल पत्रें. तानाजींच्या मृत्यूमुळें कोंढाण्यास सिंहगड हें नांव पडलें असें आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रांत, म्हणजे लढाईच्या जवळजवळ सात वर्षें आधीं, सिंहगड हें नांव आलेलें आहे.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग तानाजींची थोरवी कमी झाली काय? मुळींच नाहीं. घोरपड वगळली तरी कडा तेवढाच उभा राहतो, आणि रात्र तेवढीच काळोखी राहते. उलट, दोराला धरून स्वतःच्या हातापायांच्या बळावर चढलेला माणूस आपल्या अधिक जवळचा वाटतो. पोवाड्यानें लोकांच्या अंतःकरणांतील प्रेम सांभाळलें, बखरीनें आठवण सांभाळली, आणि पत्रानें तारीख सांभाळली. तिघांचींही कामें निरनिराळीं आहेत. चांगला वाटाड्या एकाचें काम दुसऱ्याच्या गळ्यांत घालीत नाहीं. "असें लिहिलेलें आहे" आणि "असें सांगतात" हीं दोन वाक्यें जो वेगळीं ठेवतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

उमरठ येथें मीं एकदां विद्यार्थ्यांस समाधीची माहिती सांगत असतां, डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली एक वृद्ध बाई ऐकत उभी राहिली. माझें बोलणें संपल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, लोकं येतात, हार घालतात, फोटू काढतात नि जातात. आमच्या घरांना कुलपं किती, ते कोन मोजीत नाय." मुलांनीं मग खरोखरच वाडीतून फिरून कुलुपें मोजलीं, आणि जीं घरें उघडीं होतीं त्यांत तरुण माणसें किती तेंही पाहिलें. या खोऱ्यांतील कर्तीं माणसें पिढ्यान् पिढ्या मुंबईस पोटासाठीं जात आलीं आहेत. तुमच्यांतील कित्येकांचे वडीलही तेथेंच आहेत. म्हणून मी म्हणतों, समाधि पाहणें हें सहलीचें अर्धें काम होय. जें गांव ती समाधि सांभाळतें तें कसें जगतें, हें पाहणें हें उरलेलें अर्धें.

उमरठहून पोलादपुरास यावें. तेथें कवींद्र परमानंद यांची समाधि आहे. हे मूळचे नेवाशाकडील; यांनीं शिवाजी महाराजांचें चरित्र 'शिवभारत' या नांवानें संस्कृतांत लिहिलें, व तें अपुरेंच राहिलें. वाटेनें जाणाऱ्या हजारों वाहनांपैकीं किती जण त्या समाधीपाशीं क्षणभर थांबतात? तलवार धरणाऱ्याबरोबर लेखणी धरणाराही याच मातींत विसावला आहे, हें विद्यार्थ्यांनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

तिसरा मुक्काम महाड. हें जुन्या काळचें नदीकांठचें बंदर. बाणकोटच्या खाडींतून माल येथवर येई, आणि येथून घांटमाथ्यावर चढे. याच खाडीच्या मुखाशीं, बाणकोट येथें, स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८२३ सालीं आपल्या कार्यास आरंभ केला, हें आपल्या शाळेच्या मुलांस ठाऊक असावें. महाडाच्या शेजारीं गांधारपाले येथें डोंगरांत बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. तेथील एका शिलालेखांत विष्णुपालित नांवाच्या राजकुमारानें लेणें, चैत्यगृह, राहण्याच्या खोल्या आणि पाण्याचीं टांकीं दान केल्याचा उल्लेख आहे. कोणाही वाटसरूची तहान भागावी म्हणून सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं येथें खडक फोडून पाणी सांठविलें गेलें.

आणि त्याच महाडांत, खालीं गांवांत, चवदार तळें आहे. तेथें वाटाड्यानें आवाज खालीं आणूं नये व विषयही बदलूं नये. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत रावबहादुर बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले करण्याचें ठरलें. महाडच्या नगरपालिकेनेंही पुढच्या वर्षीं तळें खुलें केलें. परंतु तें कागदावर. त्या तळ्याचें पाणी गुरेंढोरें पीत असत, माणसांस मात्र बंदी. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं परिषदेस जमलेल्या हजारों लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केलें. त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळें "शुद्ध" करण्यांत आलें. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरास, म्हणजे नाताळच्या दिवशीं, दुसऱ्या परिषदेंत मनुस्मृतीचें दहन झालें. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तळ्याचा हक्क मान्य केला. एका ओंजळीस दहा वर्षें लागलीं!

योहानाच्या शुभवर्तमानांत याकोबाच्या विहिरीपाशीं बसलेल्या प्रभूनें शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितल्याची कथा आहे. यहूदी लोक शोमरोनी लोकांशीं व्यवहार ठेवीत नसत, म्हणून ती स्त्री चकित झाली. चवदार तळ्याच्या कांठीं ती कथा जशी समजते, तशी वर्गांतील बांकावर बसून समजत नाहीं. मात्र हा दोष दुसऱ्याच कोणाचा आहे, असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. ख्रिस्ती मंडळ्यांतूनही जातीचा अभिमान अजून पुरता गेलेला नाहीं.

चौथा मुक्काम पाचाड व रायगड. पाचाड येथें जिजाबाईंची समाधि आहे. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि अवघ्या ११ दिवसांनीं, १७ जून रोजीं, त्या माउलीनें देह ठेवला. गडावर सिंहासनाची जागा, नगारखाना, बाजारपेठ हें सर्व पाहावें. पण जगदीश्वराच्या देवळाची पायरीही अवश्य पाहावी. ज्याच्या देखरेखीखालीं गडाचीं बांधकामें झालीं त्या हिरोजी इंदुलकराचें नांव तेथें कोरलेलें आहे. देवळाच्या कळसाकडे सर्वांचीच दृष्टि जाते; बांधणाऱ्याचें नांव वाचावयास मान खालीं घालावी लागते.

आतां अशी सहल प्रत्यक्ष कशी काढावी, तें थोडक्यांत सांगतों. काळ दिवाळीनंतरचा निवडावा; पावसाळ्यांत या बाजूस मुळींच जाऊं नये. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१६ सालच्या त्याच तारखेस महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला व त्याबरोबर प्रवाशांनीं भरलेल्या एस. टी. गाड्याही गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं, आणि त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले. हे डोंगर दुरून सुंदर दिसतात; त्यांच्या पोटाशीं राहणारांस ते दर पावसाळ्यांत जागें ठेवतात. हेंही वाटाड्यानें सांगावयास हवें.

मंडळी फार नसावी. वाटाड्या शक्यतों त्याच गांवचा घ्यावा, व त्याचा मेहनताना त्यास आधीं ठरवून द्यावा. जेवण गांवांतील घरीं सांगावें, म्हणजे तांदळाच्या भाकरीबरोबर चार गोष्टीही ऐकावयास मिळतात आणि चार पैसे गांवांत राहतात. कोणाच्याही अंगणांत विचारल्यावांचून शिरूं नये. वहीच्या पानाचे दोन भाग करावे : एका बाजूस लेखी पुराव्याच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूस ऐकीव गोष्टी. दोन्हीही लिहाव्या, मिसळूं मात्र नये.

पालकांसही एक विनंति आहे. मुलांस गांवीं नेतां तेव्हां केवळ जत्रेपुरतें नेऊं नका. आजीस दळतांना कोणती ओवी येत असे, आजोबा कोणत्या घांटानें चालत जात, घरावरचीं कौलें केव्हां चढलीं, हें मुलांस विचारूं द्या. तीं माणसें आज आहेत. तीं गेल्यावर ही माहिती कोणत्याही ग्रंथालयांत मिळणार नाहीं. त्सुमागोच्या लोकांनीं आपलीं घरें न विकण्याचा, भाड्यानें न देण्याचा व न पाडण्याचा निश्चय केला. आपणांस एवढें जमलें नाहीं, तरी वर्षांतून कांहीं दिवस आपल्या घराचें कुलूप काढणें खास जमेल. पुढल्या वेळीं आपल्या शाळेचीं मुलें उमरठास जातील तेव्हां तीं पुन्हां घरें मोजतील. त्या वेळीं उघड्या दारांची संख्या एकानें जरी वाढली, तरी सहलीचा खर्च वसूल झाला असें मी समजेन.