चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. ज्याच्या संसाराला एक ठिकाण नाही, जो आज येथे तर उद्या तेथे, अशा माणसाविषयी ती वापरतात, आणि बहुधा त्याची कीव करण्यासाठीच वापरतात. परंतु अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे असे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोठ्या मोटारीतच संसार मांडून ती दूरदूरची अरण्ये व पर्वत पाहावयास निघतात. अशा वाहनाला तेथे थोडक्यात ‘आर. व्ही.’ म्हणतात, आपण त्याला चाकांवरचे घर म्हणू. चला, अशाच एका कुटुंबाबरोबर आपणही मनाने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात चार दिवस राहून येऊ. आई, वडील, बारा वर्षांचा मुलगा व त्याची नऊ वर्षांची बहीण अशी चौघे ह्या घरात राहतात.

बाहेरून पाहिले तर हे घर एखाद्या लहान बसगाडीएवढे दिसते. आत शिरताच मात्र मनुष्य चकित होतो. एका बाजूस गॅसची शेगडी व भांडी धुण्याची मोरी, तर दुसऱ्या बाजूस जेवणाचे मेज. रात्री हेच मेज खाली बसवून त्यावर गादी घातली की मुलीचा बिछाना तयार होतो. चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी जागा असते, ती मुलाची. मागे आईवडिलांची खोली आणि मध्ये कपाटाएवढे न्हाणीघर. फरशीखाली तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. पहिल्या टाकीत दीडशे-दोनशे लिटर पाणी मावते, आणि तेवढेच चौघांनी पुरवून वापरावयाचे असते. टाकीत पाणी किती उरले हे दाखविणारी एक पट्टी भिंतीवर बसविलेली असते. पहिल्याच सकाळी मुलगा नळ सोडून दात घासू लागला, तेव्हा आईने काही न बोलता त्या पट्टीकडे बोट दाखविले. दुसऱ्या दिवसापासून त्याला पेलाभर पाणी पुरू लागले.

आपल्या नेहमीच्या घरात नळाचे पाणी कोठून येते आणि मोरीतून ते कोठे जाते, ह्याचा आपण क्वचितच विचार करतो. चाकांवरच्या घरात मात्र पाणी आपणच भरावयाचे आणि घाणही आपणच बरोबर वागवावयाची. येथे ‘टाकून दिले’ म्हणजे ‘संपले’ असे होत नाही. हा धडा ध्यानात असू द्या. ह्या प्रवासात तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

यलोस्टोनचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात असून त्याच्या कडा माँटाना व आयडाहो ह्या राज्यांत शिरल्या आहेत. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर आहे. हजारो वर्षे अमेरिकेतील मूळच्या जमाती येथे शिकार करीत आणि ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या, काचेसारख्या दगडाची हत्यारे घडवीत. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट ह्यांनी एका कायद्यावर सही केली, आणि हा प्रदेश कोणाच्याही खाजगी मालकीचा न होता सर्व जनतेसाठी राखून ठेवावा असे ठरले. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान ते हेच. ही कल्पना थोर खरी. परंतु पुढील काही वर्षांत तेथील मूळच्या रहिवाशांना तेथून घालवून देण्यात आले, हेही विसरता कामा नये.

पहिले दोन दिवस ह्या कुटुंबाचा मुक्काम मॅडिसन नावाच्या तळावर होता. रात्री आईने बटाटे उकडत ठेवले. पण घरी जेवढ्या वेळात ते शिजत, तेवढ्या वेळात येथे शिजेनात. ‘‘आई, गॅस संपत आला का गं?’’ मुलीने विचारले. वडील हसून म्हणाले, ‘‘गॅस पुष्कळ आहे. पण आपण समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर आलो आहोत. येथे हवेचा दाब कमी आहे, म्हणून पाणी शंभर अंशांऐवजी त्र्याण्णव अंशांच्या सुमारासच उकळते. ते लवकर उकळते, पण पुरेसे तापत नाही. म्हणून बटाटे कच्चे राहतात.’’

दुसऱ्या दिवशी ‘ओल्ड फेथफुल’ हे प्रसिद्ध कारंजे पाहताना ह्या बटाट्यांची मुलांना आठवण झाली. ‘जुना इमानी’ असा ह्या नावाचा अर्थ. साधारणतः दीड तासाच्या अंतराने येथे उकळत्या पाण्याचा स्तंभ जमिनीतून ३० ते ५५ मीटर उंच उसळतो आणि वाफेचे ढग आकाशात पसरतात. हे कसे घडते? यलोस्टोनच्या खाली एक प्रचंड ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा महास्फोट सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी झाला, तरी खालचा खडक अजून तप्त आहे. पावसाचे व बर्फाचे पाणी भेगांतून खोल झिरपते आणि तेथे तापते. पण वरच्या पाण्याचा भार त्याच्यावर असतो. डोंगरावर दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळले. येथे दाब अधिक म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही. शेवटी काही बुडबुडे अरुंद नळीतून वर येतात व थोडे पाणी बाहेर ढकलतात. भार हलका होतो आणि खालच्या अतितप्त पाण्याची एकाएकी वाफ होते. तिला पाण्याहून कितीतरी पट अधिक जागा लागते, म्हणून ती सारे पाणी घेऊन वर झेपावते. अशा कारंज्यांना ‘गायझर’ म्हणतात. जगातील निम्म्याहून अधिक गायझर एकट्या यलोस्टोनमध्ये आहेत.

जवळच ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचे उष्ण पाण्याचे कुंड आहे. एका फुलासारखा त्याचा आकार व रंग, म्हणून हे नाव. एके काळी ते गर्द निळे होते. आज त्याच्या काठाकडून पिवळी व नारिंगी छटा आत सरकली आहे. प्रेक्षकांनी हौसेने त्यात नाणी, दगड व कचरा टाकला. त्यामुळे तळाची छिद्रे बुजली, खालून येणारे उष्ण पाणी कमी झाले आणि निवलेल्या पाण्यात रंगीत सूक्ष्मजीव पसरले. ‘‘पण एका नाण्याने काय होणार?’’ मुलाने विचारले. आई म्हणाली, ‘‘नाणे टाकणाऱ्या प्रत्येकाला असेच वाटले असेल.’’

हे सूक्ष्मजीवही क्षुद्र समजू नका. १९६६ साली टॉमस ब्रॉक व त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ ह्यांना येथील एका उष्ण झऱ्यात एक उष्णताप्रिय जीवाणू सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या एका द्रव्यामुळे पुढे रोगांच्या अचूक चाचण्या करणे शक्य झाले. तो झरा कोणी बुजविला असता, तर आपण काय गमावले हे आपल्याला कळलेही नसते.

तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड सरोवराजवळच्या ‘फिशिंग ब्रिज’ येथील तळावर गेले. तेथे कापडी तंबू लावण्यास बंदी असून केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांना जागा मिळते, कारण ह्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर फार. ‘अन्न, भांडी वा कचरा क्षणभरही बाहेर ठेवू नका,’ असे तेथील उद्यानरक्षक बाईंनी बजावले. मुलीला हा नियम निष्ठुर वाटला. ‘‘एक पाव दिला तर बिचाऱ्या अस्वलाचे पोट भरेल ना?’’ ती म्हणाली. बाई म्हणाल्या, ‘‘पूर्वी लोक असेच करीत. रस्त्यात मोटार थांबवून अस्वलांना खाऊ भरवीत; उकिरड्यावर जेवणारी अस्वले पाहण्यासाठी बाकांवर बसून राहत. मग अस्वलांची भीड चेपली. ती अन्नासाठी माणसांच्या अंगावर येऊ लागली, आणि अशा कितीतरी अस्वलांना मारावे लागले. १९७० च्या सुमारास हे सारे बंद करण्यात आले. बाळ, तुझ्या पावाने त्याचे पोट भरेल. पण त्याच पावापायी त्याचा जीव जाईल.’’

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मुलीला एकदम आठवले की, आपला बिस्किटांचा डबा बाहेर बाकावरच राहिला आहे. क्षणभर ती गप्प राहिली. मग तिने वडिलांना उठविले. वडिलांनी खिडकीतून विजेरीचा झोत चोहोकडे फिरवून पाहिला, आणि झटकन डबा आत आणला. सकाळी बाकाजवळच्या ओल्या मातीत मोठमोठी पावले उमटलेली दिसली. ती बाकापर्यंत येऊन नदीच्या दिशेने निघून गेली होती. अस्वलाला तेथे थांबण्यासारखे काहीच सापडले नव्हते.

चौथ्या दिवशी हेडन खोऱ्यात त्यांनी बायसन नावाच्या रानबैलांचे कळप पाहिले. अस्वल व लांडगा ह्यांपासून ९१ मीटर, आणि बायसनपासून २३ मीटर दूर राहावे असा येथील नियम आहे. शिकारीमुळे १९०२ च्या सुमारास येथे जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. संरक्षणामुळे आज ते हजारोंनी आहेत. लांडग्यांना तर दुष्ट समजून १९२६ पर्यंत पुरते नाहीसे करण्यात आले. मग एल्क जातीची हरणे फार वाढली आणि नदीकाठची कोवळी झाडे खाऊन फस्त करू लागली. शेवटी १९९५ व १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून येथे सोडण्यात आले. झालेली चूक दुरुस्त करावयास सुमारे सत्तर वर्षे लोटली.

यलोस्टोननंतर राष्ट्रीय उद्यानांची कल्पना जगभर पसरली. भारतात १९३६ साली पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्यालाच आज कॉर्बेट उद्यान म्हणतात. महाराष्ट्रातील ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे जाताना चाकांवरचे घर बरोबर असलेच पाहिजे असे नाही. त्या घरातील धडा मात्र बरोबर असावा.

निघण्यापूर्वी वडिलांनी व मुलाने हातमोजे घालून घाणपाण्याच्या दोन्ही टाक्या नेमून दिलेल्या जागी रिकाम्या केल्या व नळी धुऊन ठेवली. काम काही सुखाचे नव्हते, पण मुलाने कुरकुर केली नाही. मुलीने बाकाभोवती फिरून कागदाचे कपटे वेचले. मग गाडी सुरू झाली. त्यांच्यामागे त्या जागी फक्त चाकांच्या खुणा उरल्या, आणि पुढच्या पावसात त्याही पुसल्या गेल्या असतील.