पायांखाली पाणी, घशाला कोरड

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात एक टप्पा असा आहे, जिथे तहानेनं व्याकूळ झालेला माणूस अख्ख्या नदीच्या पाण्यावरून दिवसभर चालतो आणि त्यातला एक घोटही त्याच्या वाट्याला येत नाही. वाळवंटी पदभ्रमणाची मला अनेक वर्षांपासून ओढ आहे. पण या टप्प्यानं जेवढं झपाटलं, तेवढं दुसऱ्या कशानंही नाही.

वाटेची ओळख आधी उरकून घेऊ. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजे चालणाऱ्यांच्या तोंडची 'पीसीटी', मेक्सिकोच्या हद्दीवर कॅम्पोजवळ सुरू होते आणि तीन राज्यं ओलांडून कॅनडाला भिडते. लांबी सुमारे 4,265 किलोमीटर. 1968च्या कायद्यानं तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. केनेडी मेडोजपर्यंतच्या पहिल्या सुमारे 1,100 किलोमीटरना सगळे सरसकट 'डेझर्ट' म्हणतात.

आता आपला टप्पा. हायकरटाउनच्या मुक्कामापासून कॉटनवूड क्रीकचा पूल सुमारे 28 किलोमीटर. पुलाजवळ नळ आहे, पण तो कधीकधी बंद असतो. म्हणून पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घेऊनच निघायचं, म्हणजे तेवढेच किलो ओझं वाढलं. सुरुवातीला कॅलिफोर्निया ॲक्विडक्टचा उघडा कालवा लागतो. कुंपणापलीकडे काठोकाठ पाणी. मग लॉस एंजेलिस ॲक्विडक्टचा काळा पोलादी नळ येतो, माणसाच्या उंचीहून जाड. पुढे तेच पाणी काँक्रीटच्या झाकणाखाली जातं आणि आपण त्या झाकणावरून नाहीतर शेजारच्या मातीच्या रस्त्यावरून चालू लागतो. मी एका ठिकाणी लोखंडी झडपेला कान लावला. आत पाणी धावत होतं, अगदी स्पष्ट.

हे पाणी ओवेन्स खोऱ्यातलं. विल्यम मुलहोलँड हा आयर्लंडहून आलेला माणूस लॉस एंजेलिसमध्ये साधा पाटकरी म्हणून कामाला लागला आणि पुढे शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य इंजिनिअर झाला. त्यानं 1913 मध्ये 375 किलोमीटरचा हा कालवा पुरा केला. एकही पंप नाही. सगळं पाणी उतारानं येतं. या कामगिरीपुढे मी आजही थक्क होतो. पण खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं पाणी गेलं ते गेलंच. 1924 मध्ये त्यांनी कालव्याला सुरुंग लावले, त्याच वर्षी कालव्याचे अलाबामा गेट्स ताब्यात घेऊन पाणी परत आपल्या खोऱ्यात सोडलं. मला त्यांची बाजू पटते. 1928 च्या मार्चमध्ये मुलहोलँडचंच सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्रीच्या सुमारास फुटलं आणि 400हून अधिक माणसं गेली. हायकरटाउनला पोचण्याआधी ट्रेल ते धरण होतं त्या सॅन फ्रान्सिस्किटो घळीचा रस्ता ओलांडते. तिथे थोडं थांबावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता पुन्हा त्या टप्प्यावरच्या उन्हाकडे. कोकणात मे महिन्यात घाम नुसता निथळतो. इथे तो दिसतच नाही. हवा इतकी कोरडी, की कातडीवर आला की उडाला. तासाला लिटरभर पाणी अंगातून गेलं तरी सदरा कोरडा, फक्त सॅकच्या पट्ट्यांलगत मिठाच्या पांढऱ्या रेघा. त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाज येत नाही. उलट घाबरून नुसतं पाणीच ढोसलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळू लागतो. वेळेला जिवावरही बेततं. म्हणून क्षारांची पूड आणि खारे दाणे पाण्याइतकेच जपायचे. तापलेल्या जमिनीवर पाय सुजतात, त्यामुळे जाणते लोक बूट एक माप मोठे घेतात. चंदेरी छत्री इतरत्र उपयोगी पडते, पण तेहाचापी डोंगरांकडून येणारा वारा ती उलटी करतो. पुढे पवनचक्क्यांची रांगच्या रांग लागते, ती काही उगाच नाही.

शहाणी माणसं पहाटे चारला निघतात आणि दुपार सावलीत काढतात. बरेच जण तर हा टप्पा रात्रीच चालतात, डोक्याला टॉर्च बांधून. मी दिवसा चाललो. मला ती सरळ, सपाट, कंटाळवाणी वाट उन्हातच बघायची होती. कॉटनवूडच्या पुलाखाली सावलीच्या अरुंद पट्ट्यात पाच-सहा जण आडवे होते. ऊन सरकलं की सगळे मुकाट्यानं हातभर सरकत. एक मुलगी टाचेच्या फोडाला सुईनं भोक पाडून त्यावर चिकटपट्टी लावत होती. तिनं मान वर न करता आपल्याकडचं मीठ माझ्यापुढे केलं.

'क्रेस्ट' नाव असलेली वाट इथे डोंगरमाथा सोडून खाली का उतरली? कारण तेहाचापीच्या त्या डोंगररांगेवर तेहोन रँचची खासगी मालकी आहे. 2008 मध्ये रँच आणि पर्यावरण संस्थांमध्ये करार झाला, त्यात ट्रेल वर नेण्याची तरतूद आहे. चालणाऱ्यांच्या दृष्टीनं ते व्हायलाच हवं. वर ओकची झाडं आहेत, सावली आहे. मी मात्र पुन्हा गेलो तर खालूनच जाईन, आणि ट्रेल कालव्यापासून दूर झाली की 395 नंबरच्या हमरस्त्यानं ओवेन्स खोरं गाठीन. अलाबामा गेट्स मला अजून बघायचे आहेत.