फरशीवरचा ओरखडा

कलबुर्गीजवळच्या शहाबादची फरशी आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्या एखाद्या फुटक्या तुकड्यावर गारगोटी दाबून ओढा. पांढरा ओरखडा उठेल. हिमनदी हेच करते. बर्फ मऊच असतो, पण त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालचा खडक तासत जातात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमनदीचे फोटो काढायला बीदर-कलबुर्गीच्या विद्यार्थ्याने हिमाचलातल्या छोटा शिग्रीला जरूर जावे. पण आधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पैनगंगेकाठच्या इरईला जावे, असे मला मनापासून वाटते. तिथल्या चुनखडकावर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाचे ओरखडे आहेत. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांविषयी लिहिले. तेव्हा आपली भूमी गोंडवन महाखंडात, पार दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. बीदर किल्ल्याखालचा तांबडा जांभा तर कितीतरी कोटी वर्षांनंतरचा, उष्ण-दमट हवेत तयार झालेला!

इरईच्या ओरखड्यांचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावा, म्हणजे चरांत सावली भरते. शेजारी मोजपट्टी ठेवावी, होकायंत्राने चरांची दिशा टिपावी. बर्फ त्याच रेषेत सरकला होता. भर दुपारी तोच खडक अगदी सपाट दिसतो.