ट्रायलचं पत्र

फुटबॉलचा विश्वचषक आला की आपल्याकडच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: आफ्रिकेतल्या पोरांचं बरं आहे, पायात कला असली की युरोपचा क्लब उचलून नेतो. पुरावा म्हणून आयव्हरी कोस्टचा फुटबॉलपटू द्रोग्बा याचं नाव. पण द्रोग्बाला आबिजानच्या गल्लीत कुणी हेरलं नव्हतं. पाच वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या नातलगाकडे पाठवलं होतं.

ज्यांना असा नातलग नाही, त्यांच्या दारी ‘एजंट’ येतो. घाना, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, कुठेही जा, पद्धत तीच. आधी मैदानाच्या कडेला उभं राहून तोंडभर कौतुक, मग क्लबच्या लेटरहेडवरचं ट्रायलचं पत्र, मग व्हिसा-तिकिटाचा हिशेब. तो मुलाच्या घरच्यांनी भागवायचा, जमीन विकून नाहीतर कर्ज काढून. खरं तर इथेच पाल चुकचुकायला हवी. खरा एजंट खेळाडूच्या करारातून कमावतो, त्याच्या आईच्या गाठीतून नव्हे. मुलगा पर्यटक व्हिसावर पॅरिसला उतरतो. चार दिवसांनी एजंटचा फोन बंद.

‘फसला तर परत जावं की!’ असं म्हणणाऱ्यांनी कधी घरची जमीन विकून प्रवास केलेला नसतो. हात हलवत परतण्यापेक्षा बिनकागदाचं राहणं अनेकांना सोपं वाटतं. अशा मुलांसाठीच कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू जाँ-क्लोद म्बवुमाँ यांनी 2000 मध्ये फ्रान्समध्ये ‘फूट सॉलिडेअर’ ही संस्था काढली.

आणि हे फक्त युरोपात घडतं असंही नाही. 2015 मध्ये बीबीसीने लाओसमधल्या एका क्लबात अडकलेली पश्चिम आफ्रिकेतली अल्पवयीन मुलं जगासमोर आणली. क्लबने आरोप नाकारले.

पण फिफाचा नियम आहे ना? आहे. मोजके अपवाद सोडले तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी बदली होत नाही. त्यावरून बार्सिलोनाला 2014 मध्ये, रेआल आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदला 2016 मध्ये, चेल्सीला 2019 मध्ये शिक्षा झाली. मात्र हा नियम खेळाडूची नोंदणी करणाऱ्या क्लबला धरतो. भामटा एजंट कुणाची नोंदणीच करत नाही, मग तो त्यात सापडणार कसा?

राजरोस व्यवहारातही गोम आहे. खेळाडू करार संपण्याआधी विकला गेला, की रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. पण ज्या अकादमीची देशाच्या फुटबॉल संघटनेत नोंद नाही, तिला त्यातला छदामही मिळत नाही. मैदान आखणारा, बूट उसने आणून देणारा पहिला प्रशिक्षक बहुधा अशाच अकादमीतला असतो.