ख्रिस्ती आत्मसंयमन आणि आध्यात्मिक जागरूकता : मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जगातील सर्वच प्रमुख धर्मांनी मानवी मनाच्या चंचलतेचा विचार केलेला आहे. मनाला आवर घालणे आणि मनावर पहारा ठेवणे या दोन क्रिया परस्परांशी निगडित असल्या तरी त्या एकच नव्हेत. पहिलीला सामान्यतः संयम म्हणतात, तर दुसरीला सावधपणा. मराठवाड्याच्या भूमीला हा विचार नवा नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी सावधपणाला परमार्थाबरोबरच व्यवहारातही मोठे स्थान दिले. पैठणच्या संत एकनाथांची शांती तर लोककथांचा विषय झाली आहे. याच भूमीत ख्रिस्ती समाजही दीर्घकाळ नांदत आहे. त्याच्या धर्मविचारातील आत्मसंयमन व जागरूकता या संकल्पनांची मराठीत स्वतंत्र चर्चा मात्र अल्प प्रमाणात आढळते. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांचे शास्त्रीय मूळ, त्यांच्या साधनेच्या पद्धती आणि मराठी ख्रिस्ती जीवनात त्यांना प्राप्त झालेले रूप यांचे विवेचन केले आहे.

संकल्पनांचे स्वरूप

नव्या करारातील 'एन्क्रातेइया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ स्वतःवर सत्ता असणे असा आहे. मराठी बायबलमध्ये गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्यासाठी 'इंद्रियदमन' हा शब्द योजलेला आहे. हा शब्द भारतीय तपःपरंपरेतील असल्याने मराठी वाचकाला तो परिचित वाटतो. तथापि तेथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. संत पौल इंद्रियदमनाची गणना मनुष्याच्या पराक्रमात करीत नाही, तर पवित्र आत्म्याच्या फळांत करतो. प्रीती, आनंद, शांती या मालिकेत ते शेवटी येते. झाडाला फळ येण्यासाठी मशागत आवश्यक असते, परंतु मशागत म्हणजे फळ नव्हे. ख्रिस्ती आत्मसंयमनाचे सार या दृष्टांतात सामावलेले आहे.

दुसरी संकल्पना 'नेप्सिस' ही होय. नशेत नसणे, शुद्धीवर असणे हा तिचा मूळ अर्थ. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतानाला गर्जना करीत हिंडणाऱ्या सिंहाची उपमा देऊन विश्वासणाऱ्यांना शुद्धीवर व जागे राहण्यास सांगितले आहे. करिंथकरांना लिहिताना पौलाने मल्लाचे व धावपटूचे उदाहरण घेतले. करिंथ नगराजवळ इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत. नाशवंत मुकुटासाठी खेळाडू आहारविहारात जी शिस्त पाळतो, ती अविनाशी मुकुटासाठी का पाळू नये, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे.

जागे राहणे म्हणजे काय?

जागरूकतेच्या ख्रिस्ती कल्पनेवर शुभवर्तमानांतील दोन प्रसंग विशेष प्रकाश टाकतात. पहिला गेथशेमाने बागेतील होय. आपल्या मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना आपल्यासोबत जागे राहण्यास सांगितले. परंतु ते पुनःपुन्हा झोपी गेले. लूक या झोपेचे कारण दुःख असे देतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. आध्यात्मिक सुस्ती नेहमीच भोगलालसेतून येते असे नव्हे. शोक, थकवा आणि निराशा यांतूनही ती येते. चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटातील साधक इव्हाग्रियस याने ज्या आठ घातक विचारांची यादी केली, त्यांत 'अकेदिया' म्हणजे साधनेचा वीट हा एक विचार आहे. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटावे, कोठडी नकोशी व्हावी, आपल्या कामाला काही अर्थ नाही असे मनात यावे, अशी त्याची लक्षणे त्याने वर्णिली आहेत. आजच्या शिक्षकाला, परिचारिकेला किंवा गृहिणीला ही लक्षणे अपरिचित वाटू नयेत.

दुसरा प्रसंग मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींच्या दृष्टांताचा आहे. पाच शहाण्या व पाच मूर्ख अशी त्यांची विभागणी सर्वश्रुत आहे. परंतु वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपी गेल्या, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. शहाण्यांचे शहाणपण न झोपण्यात नव्हते, तर आधीच तेल भरून ठेवण्यात होते. म्हणजेच जागरूकता ही डोळ्यांची ताणलेली अवस्था नसून पूर्वतयारीची सवय आहे. शरीराच्या मर्यादा तिला मान्य आहेत. कठोर जागरणांनी प्रकृती खालावून घेणाऱ्या साधकाला या दृष्टांतात आधार मिळत नाही.

मोहाची प्रक्रिया व साधनेच्या पद्धती

याकोबाच्या पत्रात वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला, असा क्रम सांगितला आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती आचार्यांनी त्याचे सूक्ष्म विश्लेषण केले. प्रथम विचार मनाच्या दाराशी येतो. मग मन त्याच्याशी बोलू लागते. पुढे संमती देते. संमतीतून कृती, कृतीतून सवय आणि सवयीतून बंधन निर्माण होते. विचार दाराशी येणे हे पाप नव्हे, असे या आचार्यांचे स्पष्ट मत आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याला आत घेऊन बसविण्यात. त्यामुळे पहारा दाराशी हवा. सवय जडल्यानंतर जे युद्ध ठरते, ते संवादाच्या टप्प्यावर केवळ एक नकार असते.

हा पहारा प्रत्यक्षात कसा ठेवावा, यासाठी संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी सद्सद्विवेकपरीक्षणाची पद्धत घालून दिली. तिच्या पाच पायऱ्या आहेत : देवाच्या उपकारांबद्दल कृतज्ञता, स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाशाची याचना, दिवसाचा तासागणिक आढावा, क्षमायाचना आणि सुधारणेचा निर्धार. आरंभ दोषांच्या यादीने न होता कृतज्ञतेने होतो, हे येथे लक्षणीय आहे. इग्नेशियसच्याच येशूसंघाचे सदस्य फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथून प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले. त्यामुळे ख्रिस्ती साधनेला मराठी पुराणश्रवणाची लय लाभली.

छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात आणखी एका आचार्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या येथील कॅथलिक धर्मप्रांताचे महामंदिर संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांच्या नावाने आहे. जिनिव्हाचे बिशप असलेल्या फ्रान्सिस यांनी १६०९ मध्ये फ्रेंच भाषेत प्रापंचिकांसाठी भक्तिजीवनाचा परिचय करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधना ही केवळ मठवासीयांची मिरास नाही. सैनिक, कारागीर, विवाहित स्त्री अशा प्रत्येकाची साधना त्याच्या जीवनस्थितीला अनुरूप असली पाहिजे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. सकाळीच दिवसभरात येऊ घातलेले प्रसंग डोळ्यांपुढे आणावेत, कोठे राग येईल, कोठे मोह होईल हे ओळखून ठेवावे, असे ते सांगतात. आहाराबाबत ते म्हणतात की, मुद्दाम निकृष्ट अन्न निवडण्यापेक्षा समोर येईल ते तक्रार न करता खाणे हा अधिक मोठा संयम आहे. कारण त्यात आपली निवडसुद्धा सोडून द्यावी लागते. आणि पतन झाल्यास स्वतःवर संतापू नये, सौम्यपणे उठावे. स्वतःवरील संताप हाही अहंकाराचाच एक प्रकार होय.

मराठी ख्रिस्ती जीवनातील दोन उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. शाकाहार व साधी राहणी त्यांनी कायम ठेवली. तेथील धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, मनाला न पटलेले मत केवळ अधिकारवाणीने स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. शिस्त म्हणजे आंधळे आज्ञापालन नव्हे, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पुढे केडगाव येथील मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांच्या दिनक्रमात शेती, विणकाम, छपाई आणि प्रार्थना यांची सांगड घातली गेली. १९०५ मध्ये तेथे जे आध्यात्मिक जागरण घडले, त्यापूर्वी अनेक महिने मुलींचे गट नियमितपणे प्रार्थनेसाठी एकत्र येत होते. ज्याला आकस्मिक म्हटले जाते, त्यामागे दैनंदिन तेल भरणे होते. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाल्यानंतरही ते थांबले नाही. दुःखाने झोपी गेलेल्या शिष्यांच्या पार्श्वभूमीवर हे चित्र विशेष बोलके आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाणीच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून निवृत्ती घेऊन संन्यास स्वीकारला आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, हा तिचा हेतू होता. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पायुषी ठरला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त पतीचे जे चित्र रेखाटले, त्यात त्यांचा तापट स्वभाव, लहरीपणा आणि विलक्षण औदार्य हे सारे निःसंकोचपणे आले आहे. त्यामुळे टिळकांचे महत्त्व कमी होत नाही. संयमी मनुष्य म्हणजे ज्याला राग येत नाही असा मनुष्य नव्हे. आपला राग ओळखून त्याच्याशी आयुष्यभर झुंजणारा मनुष्य, हे या ग्रंथाच्या वाचनातून उमगते. संन्यास घेऊनही टिळकांची साधना घरापासून तुटली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

उपवास आणि उपासमार

मराठवाड्यातील ग्रामीण ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार व मांग या वंचित समाजांतून घडला. १८९९–१९०० आणि १९७२ चे दुष्काळ या प्रदेशाने सोसले. अशा भूमीत उपवासाची चर्चा करताना एक अवघड प्रश्न टाळता येत नाही : ज्याच्या वाट्याला उपासमार सक्तीने आली, त्याला उपवासाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? राखेच्या बुधवारापासून सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ रानात येशूने केलेल्या उपोषणाचे स्मरण देतो. परंतु ते उपोषण स्वेच्छेचे होते. स्वेच्छा वगळली की संयमाचे रूपांतर केवळ अभावात होते.

या प्रश्नाचे उत्तर यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात सापडते. देवाला मान्य असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे व भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, असा त्या अध्यायाचा आशय आहे. पोट भरलेल्याने आपल्या ताटातील घास बाजूला काढावा आणि तो भुकेल्यापर्यंत पोहोचवावा. तेव्हाच उपवास पूर्ण होतो. दहा कुमारींच्या दृष्टांताचा अध्यायही भुकेले, तहानलेले, उघडे व बंदिवान यांच्या रूपाने ख्रिस्त भेटतो या चित्रानेच संपतो. शेवटच्या न्यायाच्या वेळी चुकलेल्यांचा दोष त्यांनी नियम मोडले हा नसून त्यांनी ओळखले नाही हा आहे. म्हणून जागरूकतेची अंतिम कसोटी अंतर्मनात नव्हे, तर शेजाऱ्याच्या दारात लागते. आत्मपरीक्षणात गढून गेलेला साधक दाराशी उभ्या असलेल्या माणसाबाबत झोपेत असू शकतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) ख्रिस्ती आत्मसंयमन हे कृपेला दिलेला प्रतिसाद आहे, कृपा मिळविण्याचे मूल्य नव्हे. हे विसरल्यास संयमाचे रूपांतर परुश्याच्या आत्मप्रौढीत होते.

२) आध्यात्मिक जागरूकता ही क्षणिक आवेशापेक्षा दैनंदिन पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते.

३) सुस्तीचे मूळ अनेकदा दुःखात वा थकव्यात असते, तेथे कठोरतेपेक्षा सौम्यता अधिक हितकर ठरते.

४) मराठी ख्रिस्ती परंपरेने ओवी, अभंग, संन्यास व साधी राहणी यांच्या आश्रयाने या साधनेला देशी रूप दिले.

५) भुकेल्याशी नाते न जोडणारा उपवास शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

सतत लक्ष विचलित करणाऱ्या साधनांच्या आजच्या युगात मनाच्या दाराशी पहारा ठेवण्याची ही जुनी विद्या सर्वधर्मीय अभ्यासकांना उपयुक्त ठरेल. मात्र पहाऱ्याचे दार बंद ठेवण्यासाठी नसून, कोणाला आत घ्यायचे हे ओळखण्यासाठी आहे, याचे भान साधकाने बाळगणे अगत्याचे आहे.