मीठ कुणावर टाकताय?

पाऊस लागला की बोईसर-तारापूरच्या वसाहतींत कुंपणाच्या भिंतींवर शंखी गोगलगायी चढू लागतात आणि घरोघरी मिठाचे पुडे फुटतात. भिंतीचा रंग खायला त्या येतात, असं बरेच जण सांगतात. खरं तर त्यांना हवा असतो चुना. जवळून पाहिलं तर कानशीसारख्या जिभेने त्या गिलावा खरवडताना दिसतात. कवच वाढायला तो लागतोच.

ही गोगलगाय इथलीच, हाही गैरसमज. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली, आणि तिथल्या चौरंगीतल्या एका बागेतून ती देशभर पसरली. एका खेपेला शंभरावर अंडी घालणारा हा जीव भाजीपाला फस्त करतो, हे मान्यच.

पण म्हणून ‘सगळ्या गोगलगायी पिकाच्या वैरी’ हे साफ चूक, आणि मला सर्वांत जास्त सलतं ते हेच. पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बहुतेक जणी कुजका पाला नि बुरशी खातात. सायक्लोफोरस गटातल्या गोगलगायी तर आत शिरल्या की कवचाच्या तोंडावर झाकण ओढून घेतात. त्यांच्यात नर-मादीही वेगळे असतात. काहींचा संसार एखाद्या डोंगरापुरताच. आंबोलीच्या जंगलात सापडलेल्या ‘वरदिया आंबोलीएन्सिस’साठी २०२१ मध्ये नवी प्रजातीच स्थापावी लागली. असं जंगल तुटलं की अशा जीवाला सरकायला दुसरी जागा उरत नाही.

‘आफ्रिकी गोगलगायीला खाणारी गोगलगाय आणून सोडा’ हा उपाय जगाने करून पाहिलाय. पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावर १९७७ मध्ये शिकारी गोगलगाय सोडली. तिने तिथल्या पार्टुला गोगलगायींवरच ताव मारला, आणि दहाएक वर्षांत त्या रानातून नाहीशा झाल्या. प्राणिसंग्रहालयांत तगलेल्या काही जाती आता कुठे परत सोडल्या जाताहेत.

गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्याही आपली-परकी ओळखत नाहीत, आणि मिठाने वाफ्यातली माती बिघडते. त्यापेक्षा संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा. त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. रुंदीहून उंच, निमुळतं, तपकिरी पट्ट्यांचं कवच असेल तर ती बहुधा आफ्रिकेची. काळदुर्ग किंवा अशेरी किल्ल्याच्या झाडीत पाल्याखाली चपटी, गोल, झाकणाची कुणी दिसली तर पाला पुन्हा तसाच पसरून ठेवा, आणि तिथे काडी ओढू नका.